अर्थाला फाटा फुटतो तिथे : संदिग्ध कविता, गाणी आणि चित्रे कशी वाचावीत

गावातल्या वाचनालयात किंवा शाळेच्या वर्गात कवितेचा अर्थ लावायला चार माणसे बसली की पहिल्या दहा मिनिटांत दोनपैकी एक वाक्य हमखास ऐकू येते. एक म्हणजे 'कवीला नेमके काय म्हणायचे आहे?' आणि दुसरे म्हणजे 'ज्याने त्याने आपापल्या परीने अर्थ घ्यावा.' वरवर पाहता ही वाक्ये एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण दोघांचा परिणाम सारखाच होतो. समोरच्या ओळी बाजूला राहतात आणि चर्चा एकतर कवीच्या चरित्रात शिरते किंवा वाचणाऱ्याच्या मनात. दहावीच्या रसग्रहणाचे गाइडमधले उत्तर पाठ केलेला मुलगा आणि स्पर्धा परीक्षेच्या चार पर्यायांतून एक निवडायची सवय झालेला तरुण यांना पहिले वाक्य जवळचे वाटते, तर वाद नको म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना दुसरे. पुढे सांगितलेली रीत या दोन्ही वाक्यांना थोडा वेळ थांबवून ठेवण्यासाठी आहे. विदर्भातल्या खेड्यात, ज्याच्याकडे दोन कपाटे, एक फळा आणि संध्याकाळचा तासभर वेळ आहे अशा लहानशा वाचनालयाला ती सहज वापरता येईल. एकट्याने वाचणाऱ्यालाही ती उपयोगी पडेल.

संदिग्धता म्हणजे धूसरपणा नव्हे, एवढे एकच गृहीत धरून सुरुवात करावी. धूसर मजकुरात काहीच नीट दिसत नाही. संदिग्ध मजकुरात दोन किंवा अधिक अर्थ स्पष्ट दिसतात, पण त्यांपैकी एकावर बोट ठेवता येत नाही. म्हणून वाचकाचे पहिले काम अर्थ सांगण्याचे नसते. अर्थाला कोणत्या शब्दापाशी, कोणत्या विरामापाशी, कोणत्या सर्वनामापाशी फाटा फुटतो ती जागा पेन्सिलीने खूण करून दाखवण्याचे असते. जागा दाखवता आली नाही, तर तो अर्थ बहुधा मजकुरातला नसून आपण बाहेरून आणलेला असतो.

पहिला मजकूर ओळखीचा घ्यावा

आठ-दहा ओळींपेक्षा मोठा मजकूर घेऊ नये. तो फळ्यावर लिहावा, लिहिणाऱ्याचे नाव देऊ नये आणि दोन वेगळ्या माणसांकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा, कारण वाचणारा कुठे थांबतो आणि कुठे आवाज चढवतो यातच त्याने लावलेला अर्थ उघड होतो. दोन वाचनांत जो फरक पडला तीच वहीतली पहिली नोंद.

आमच्या भागात सुरुवातीसाठी पोळ्याच्या झडतीइतके, म्हणजे पोळ्याला मोठ्याने म्हणायच्या यमकाच्या ओळींइतके, चांगले साहित्य नाही. ती सगळ्यांना पाठ असते, तिची कुणाला भीती वाटत नाही आणि ती 'साहित्य' आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नसते. तोरणाखाली बैल उभे असताना म्हटली जाणारी ही एक झडती पाहा. गावागणिक तिच्यात पाठभेद आहेत.

वाटी रे वाटी, खोबऱ्याची वाटी,
महादेव रडे दोन पैशासाठी,
पारबतीच्या लुगड्याले छप्पन गाठी,
देव कवा धावल गरिबासाठी?
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

पहिली ओळ यमकासाठी आहे, तिच्यात फार खोदू नये. दुसऱ्या ओळीत देव दोन पैशांसाठी रडतो, म्हणून लोक हसतात. तिसऱ्या ओळीत मात्र हसणे थोडे अडखळते, कारण छप्पन गाठींचे लुगडे ही देवीची खूण नाही. ते कुणीतरी दोरीवर वाळत घातलेले पाहिलेले असते. चौथ्या ओळीत फाटा फुटतो. देव गरिबासाठी कधी धावेल असा प्रश्न आहे, पण दोन ओळींपूर्वी देवच रडत होता. मग हा धावणारा देव कोणता?

इथे प्रत्येक अर्थ एका साध्या वाक्यात, आपल्या बोलीत सांगायला लावावा. एक अर्थ असा निघतो की ही देवाची लडिवाळ थट्टा आहे आणि भोळ्या शंकराशी लोकांची अशी सलगी जुनीच आहे. दुसरा असा की महादेव-पार्वती म्हणजे शेतकरी नवरा-बायकोच, देवाचे फक्त नाव आहे. तिसरा असा की तोरणापाशी मानाच्या जागी उभ्या असलेल्यांना, सावकाराला किंवा सरकारला हा टोमणा आहे. तिन्ही ऐकायला बरे वाटतात, म्हणून लगेच माना डोलावू नयेत. प्रत्येक अर्थाला एकच प्रश्न विचारावा : हा अर्थ धरला तर कोणता शब्द बेकार राहतो?

थट्टेचा अर्थ धरला तर 'गरिबासाठी' हा शब्द रिकामा बसतो, कारण थट्टा देवाची असेल तर गरिबाला मध्ये आणायचे कारण उरत नाही. दुसऱ्या अर्थात चौथी ओळ चपखल बसते. एखादा तरुण म्हणतोच, "हे महादेवाचं नाही, थो आपलंच सांगून रायला." त्यावर मागे बसलेला म्हातारा विचारतो, "मंग शेवटी हर हर महादेव कायले म्हंता?" हा प्रश्न अडवू नये, कारण त्याने शेवटच्या ओळीवर नेमके बोट ठेवले आहे. ज्याच्या गरिबीवर हसलो त्यालाच नमन करून जयघोष करायचा, ही विसंगती दुसऱ्या अर्थात पचत नाही आणि पहिल्यात ती फारच सहज पचते. तिसऱ्या अर्थाला शब्दांत काहीच आधार नाही. त्याचा आधार तोरणापाशी कोण उभे आहे यात आहे. तो खोटा ठरत नाही, पण वहीत तो 'प्रसंगातून आलेला अर्थ' म्हणून वेगळा लिहावा. माझ्या मते ही झडती पहिल्या दोन अर्थांच्या मध्ये मुद्दाम उभी आहे, कारण देवाच्या नावाने म्हटले की गाऱ्हाणे भर गावात ओरडून सांगता येते आणि ओरडणाऱ्याला कुणी धरू शकत नाही.

न कळण्याचे प्रकार वेगळे करावेत

वाचनात अडखळायला होते तेव्हा दर वेळी कारण संदिग्धताच असते असे नाही. हे वेगळे करण्यात वेळ गेला तरी तो वाया जात नाही.

काही अर्थ हरवलेले असतात. नागपूरजवळच्या जुनापाणी इथल्या महापाषाणकालीन शिळावर्तुळांतल्या काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. त्यांचा संबंध आकाशातल्या दिशांशी जोडण्याचा प्रयत्न अभ्यासकांनी केला आहे. कोरणाऱ्याला त्यांचा अर्थ बहुधा स्वच्छ ठाऊक असावा. आपल्यापर्यंत तो पोचला नाही, एवढेच. तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'तला, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या चरित्रग्रंथातला, एखादा शब्द आज अडला, तर तिथे चर्चेची गरज नसते, शब्दकोशाची असते. जे माहिती मिळाल्यावर सुटते ते संदिग्ध नव्हे.

त्याच महानुभाव परंपरेत मात्र खऱ्या संदिग्धतेचा एक सुंदर नमुना आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात त्यांचे चालणे-बोलणे जगावेगळे आहे, आणि त्यांना वेडे, पिसे म्हणणारे गावकऱ्यांचे बोल लिहिणाऱ्या भक्ताने गाळलेले नाहीत. त्याच्या दृष्टीने ते परमेश्वर आहेत, तरी गावाचे मत त्याने जसेच्या तसे राहू दिले. वाचताना प्रत्येक प्रसंग दोन डोळ्यांनी पाहावा लागतो, आणि ग्रंथाची गोडी त्यातच आहे.

कोडे हा आणखी निराळा प्रकार. 'काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड एक वसेचि ना' हा ज्ञानदेवांच्या नावावरचा कूट अभंग घ्या. ओसाड गावे, थोटे कुंभार, कच्ची मडकी, न शिजणारे मूग अशी साखळी वाढत जाते आणि शेवटी सद्गुरूवाचून हे कळणार नाही असे सांगून अभंग थांबतो. कीर्तनकार इथे तीन गुणांचा किंवा तत्सम त्रिकुटाचा उलगडा करतात. उलगडा मिळाला की कोडे संपायला हवे. पण हा अभंग उलगड्यानंतरही कानात वाजत राहतो, कारण 'वसेचि ना', 'घडेचि ना', 'शिजेचि ना' या नकारांची चाल उत्तरापेक्षा मोठी आहे. म्हणून उलगडा शेवटी सांगावा, आधी नाही.

यानंतर वक्रोक्ती, म्हणजे म्हणायचे एक आणि सुचवायचे दुसरे असे बोलणे, येते, आणि तिच्यासाठी महाराष्ट्री प्राकृतातली एक गाथा फार कामाची आहे. हाल सातवाहनाच्या नावे असलेल्या 'गाथासप्तशती'तली ही गाथा काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त उदाहरण म्हणून घेतली. तिचा आशय असा : 'बाबा, आता निर्धास्त फिर, तो कुत्रा आज मारला गेला. गोदावरीकाठच्या झाडोऱ्यात राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने त्याला मारले.' शब्द सांगतात फिर, अर्थ सांगतो इकडे फिरकू नकोस, कारण कुत्र्याला भिणारा माणूस सिंह असलेल्या झाडीत कशाला येईल? टीकाकार पुढे सांगतात की बोलणारी बाई आपल्या प्रियकराला त्या झाडीत भेटते आणि फुले तोडायला येणारा हा धार्मिक माणूस तिला तिथे नको आहे.

ही गाथा फळ्यावर लिहून विचारावे की यातले ओळीत किती आहे आणि टीकेत किती. सिंह ओळीत आहे, कुत्रा ओळीत आहे, 'निर्धास्त' हा शब्दही ओळीत आहे. बाई, प्रियकर आणि त्यांची भेटायची जागा ओळीत कुठेच नाहीत. टीकाकारांचा अर्थ पटण्यासारखा आहे यात शंका नाही, परंतु तो एका चौकटीवर उभा आहे आणि ती चौकट वाचकाने बाहेरून पुरवलेली आहे. पुढे महिमभट्टाने याच उदाहरणावरून आनंदवर्धनाला हटकले. इथे ध्वनी, म्हणजे न सांगितलेला अर्थ सुचवणारी शब्दाची वेगळी शक्ती, नसून साधे अनुमान आहे, असे त्याचे म्हणणे होते. एवढ्या मोठ्या पंडितांचे जिथे जमले नाही, तिथे गावातल्या वाचकांचे एकमत झाले नाही तर बिघडत नाही. तरीही या गाथेला मी संदिग्ध म्हणणार नाही, कारण एकदा आतला अर्थ हाती आला की वरचा अर्थ मागे पडतो आणि पुन्हा उभा राहत नाही.

श्लेषात, म्हणजे त्याच शब्दांतून दोन अर्थ निघतात तिथे, दोन्ही अर्थ उभे राहतात. मम्मटाने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाशा'त संदिग्धपणा काव्यदोषांत घातला आणि काही ठिकाणी तोच गुण होतो असेही नोंदवले. त्याच्या एका उदाहरणात दरिद्री कवी राजाला म्हणतो की तुझे आणि माझे घर आता सारखेच आहे. शब्द एका रीतीने तोडले तर घरात सोन्याची मोठी भांडी आहेत, दुसऱ्या रीतीने तोडले तर भुकेल्या पोरांचे रडणे आहे. राजाने ऐकावे तर स्तुती, आणि नीट ऐकावे तर मागणे. आपल्या झडतीची जातकुळी हीच आहे. इंग्रज समीक्षक विल्यम एम्पसनने १९३० साली संदिग्धतेचे सात प्रकार पाडून पुस्तक लिहिले, पण खेड्यातल्या वाचनाला सात खणांची गरज पडत नाही. दोन्ही अर्थ शेवटपर्यंत उभे राहतात का, एवढे विचारले की पुरते.

बोलणारा कोण, हे आधी ठरवावे

संदिग्धतेचे बहुतेक फाटे 'कोण बोलते आहे' आणि 'कोणत्या सुरात' या दोन प्रश्नांपाशी असतात. विदर्भात मुली-बायका म्हणतात त्या भुलाबाईच्या गाण्यांत हे फार चांगले दिसते. 'कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपल्या माहेरा' या गाण्यात सून माहेरी जायला विचारते आणि सासू वेल लावण्यापासून कारले येईपर्यंत एकेक काम पुढे ढकलत राहते. तरुण मुली हे गाणे टिपऱ्यांच्या ठेक्यात हसत म्हणतात. नव्याने सासरी नांदलेल्या बाईला त्यात जाच ऐकू येतो. स्वतः सासू झालेली बाई मात्र म्हणते, की सासूने एकदाही 'नाही' म्हटलेले नाही. हे निरीक्षण बारकाईचे आहे. गाण्यात नकार खरोखर नाही, फक्त अट आहे. काही ठिकाणी शेवटी सासू 'आणा फणी, घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा' म्हणते. यातली 'राणी' मायेची की टोचणारी, हे शब्द सांगत नाहीत. ते म्हणणारीचा गळा सांगतो. अशा ठिकाणी गटातल्या दोघींना ती ओळ दोन सुरांत म्हणायला लावावी आणि मग विचारावे की कोणता सूर धरला तर आधीची सगळी कडवी कामाला येतात.

पूर्व विदर्भातल्या वडशाकडच्या झाडीपट्टी नाटकांत, म्हणजे तिथल्या लोकरंगभूमीवर, रात्रभर हेच चालते. कागदावर ज्या वाक्याचे दोन अर्थ होतात, त्यातला एक नटाला त्या क्षणी निवडावाच लागतो. नाटक वाचणे आणि पाहणे यांतला मोठा फरक तो हाच, म्हणून नाटकाचा उतारा घेतला तर तो बसून वाचू नये, उभे राहून म्हणावा.

नागपूरचे कवी ग्रेस यांची कविता 'दुर्बोध' म्हणून टाळली जाते. तिच्या बाबतीतही पहिला प्रश्न अर्थाचा नको, सर्वनामांचा हवा. 'ती गेली तेव्हा' ही त्यांची कविता गाणे म्हणून घरोघरी ऐकली गेली आणि अनेकांनी ती प्रेयसीच्या विरहाची मानली. कवितेत पुढे आईचा स्पष्ट उल्लेख येतो. तिथे 'ती कोण' हा फाटा मिटतो, पण 'गेली म्हणजे कशी गेली' हा तसाच उघडा राहतो. शेवटपर्यंत वाचले तर संदिग्धता नाहीशी होते असे नाही. तिची जागा बदलते आणि वाचकाने नव्या जागेवर खूण करायची असते.

उलट, प्रत्येक मजकुरात फाटा शोधत बसणेही खोटेच. तुकडोजी महाराजांच्या 'ग्रामगीते'चे ४१ अध्याय गावाने ऐकावे आणि कामाला लागावे यासाठी लिहिलेले आहेत. तिथल्या ओवीत गूढ अर्थ काढणारा वाचक हुशार दिसतो खरा, पण तो चुकीचे वाचत असतो. स्पष्टपणा हाही लेखकाने घेतलेला निर्णय असतो.

चित्रासमोर बसताना

चित्रात शब्दच नसल्यामुळे 'कोणता शब्द बेकार राहतो' ही कसोटी थोडी बदलावी लागते. चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचा जन्म नागपूरचा. त्यांची अनेक चित्रे बिनशीर्षकाची आहेत, आणि रोलर व पॅलेट नाइफने रंगांचे थर चढवून-काढून केलेल्या त्या पृष्ठभागात कुणाला पाणी दिसते, कुणाला पहाटेचे धुके, कुणाला काहीच नाही. अशा चित्रासमोर पहिली पाच मिनिटे 'हे कशासारखे दिसते' हे बोलायला मनाई करावी आणि फक्त जे आहे तेच सांगायला लावावे : रंग कुठे दाट आहे, कडा कुठे तुटते, नजर आधी कुठे जाते आणि तिथून कुठे सरकते. त्यानंतर कुणी 'पाणी' म्हणाले, तर चित्राचा कोणता भाग पाण्याच्या विरुद्ध जातो हे त्यालाच शोधायला सांगावे. चित्राचा अर्धा भाग जर त्या कल्पनेबाहेर राहत असेल, तर पाणी हे चित्रात नसून आठवणीत आहे. मोबाइलच्या पडद्यावर रंगाचे थर दिसत नाहीत, तेव्हा शक्य तितकी मोठी छापील प्रत मिळवावी आणि प्रत पाहतो आहोत, मूळ नाही, हे गटाला आधीच सांगून ठेवावे.

गावातल्या देवळाच्या भिंतीवरची शिल्पे, बायकांनी काढलेल्या रांगोळ्या, घराच्या दारावरची चित्रे यांनाही हीच रीत लागू पडते. मात्र तिथे काढणारी व्यक्ती समोरच असेल, तर तिचे म्हणणे सर्वांत शेवटी ऐकावे. तिचे म्हणणे महत्त्वाचे असते, पण ते आधी ऐकले की बाकीच्यांची नजर थांबते.

बैठक आणि वही

कापसाच्या वेचणीचे दिवस सोडून बैठक ठेवावी, नाहीतर बायका येत नाहीत आणि अर्धे वाचन आपोआप बुडते. निवृत्त गुरुजींना आदराने शेवटची पाळी द्यावी. त्यांनी सुरुवातीला अर्थ सांगितला की नंतर कुणी तोंड उघडत नाही. मतदान कधीही घेऊ नये, कारण अर्थ बहुमताने ठरत नाही आणि हरलेला माणूस पुढच्या वेळी येत नाही. देवादिकांचा विषय असेल तर 'असा अर्थ आहे' याऐवजी 'या शब्दामुळे असा अर्थ निघतो' असे बोलायची शिस्त ठेवावी. त्याने भांडण शब्दापुरते राहते, माणसापर्यंत जात नाही.

वहीचे पान उभे तीन भागांत आखावे. पहिल्या भागात फाट्याची जागा, म्हणजे ओळ आणि शब्द. दुसऱ्यात त्या जागेवरून निघणारे अर्थ, प्रत्येकी एका वाक्यात, सांगणाऱ्याच्या बोलीत. तिसऱ्यात प्रत्येक अर्थाने बेकार ठेवलेले शब्द. ज्या अर्थासमोर तिसरा रकाना भरत जातो तो हळूहळू बाद होतो. दोन अर्थांसमोर तो सारखाच रिकामा राहिला तर दोन्ही ठेवावेत आणि पान तसेच सोडून पुढचा मजकूर घ्यावा.

परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तपासणाऱ्याकडे वेळ कमी असतो. त्यांनी रसग्रहणात आधी सर्वांत भक्कम अर्थ ओळीच्या आधारासह मांडावा, मग 'या ओळीतून असाही अर्थ संभवतो' असे लिहून त्याचा नेमका शब्द अवतरणचिन्हांत दाखवावा, आणि दोन वाक्यांत थांबावे. तिसरा अर्थ सुचला तरी तो उत्तरपत्रिकेत लिहू नये. तो वहीत लिहावा.